फिफ्थ-व्हील ट्रेलरसाठी ट्रक निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासमध्ये डॅलसजवळ फ्रिस्को येथे राहणाऱ्या एका मराठी दांपत्याला दोन मुलांसह उन्हाळ्याच्या सुटीत कोलोराडोपर्यंत फिरण्यासाठी फिफ्थ-व्हील ट्रेलर, म्हणजे ट्रकच्या हौद्यात जोडून ओढायचे चाकांवरचे घर, घ्यायचे आहे. पुण्याहून आई-वडील दर वर्षी काही महिन्यांसाठी येतात, तेव्हा तेही बरोबर असतील. पसंत पडलेला ट्रेलर सुमारे ३६ फुटी असून त्याचे रिकामे वजन ११,२०० पौंड, जास्तीत जास्त अनुज्ञेय वजन १३,९०० पौंड आणि माहितीपत्रकानुसार पिनचा भार, म्हणजे ट्रेलरचा ट्रकवर टेकणारा भार, २,१०० पौंड आहे. घरी सध्या हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातली, पिकअप आहे, जिची ओढण्याची क्षमता १३,००० पौंड असल्याचे विक्रेता सांगतो आणि म्हणून 'याच ट्रकने काम भागेल' असे त्याचे म्हणणे आहे. भागणार नसेल तर २५०० या मधल्या वर्गातला डिझेल ट्रक घ्यावा की थेट त्याहून दणकट ३५००, पेट्रोल की डिझेल, आणि मागे दोन चाके की चार, असे पुढचे प्रश्न आहेत.

ट्रकमध्ये हिच, म्हणजे ट्रेलर अडकवण्याचा जोड, बसवून देणे आणि ट्रेलर जोडून वजनांचा मेळ घालून देणे हे माझे रोजचे काम आहे, आणि स्वतःचा फिफ्थ-व्हील घेऊन मी बरीच वर्षे फिरत आलो आहे. या प्रश्नाचे माझे उत्तर असे की सध्याचा ट्रक या ट्रेलरला चालणार नाही, २५०० डिझेलही चालणार नाही, आणि याचे कारण इंजिनाच्या ताकदीत नसून ट्रकच्या पाठीवर किती ओझे पडते यात आहे. ट्रक निवडताना 'किती ओढू शकतो' हा आकडा दुय्यम धरावा. 'किती वाहू शकतो' हा आकडा आधी पाहावा.

फिफ्थ-व्हीलची जोडणी कशी असते हे भारतातल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायची गरज नाही. न्हावा-शेवा बंदरातून निघणारे कंटेनरचे ट्रेलर ज्या रीतीने घोड्याला, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या ट्रकला, जोडलेले असतात तीच ही रीत. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली एक पोलादी किंगपिन असते आणि ती ट्रकच्या हौद्यात, मागच्या एक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसवलेल्या हिचच्या जबड्यात अडकते. बंपरला जोडल्या जाणाऱ्या साध्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो. फिफ्थ-व्हीलमध्ये तो १५ ते २५ टक्के असतो आणि घरगुती वापराच्या ट्रेलरमध्ये बहुतेक वेळा २० ते २२ टक्क्यांच्या आसपास भरतो. हा भार एक्सलच्या माथ्यावर पडत असल्यामुळेच फिफ्थ-व्हील वाऱ्यात कमी डोलतो आणि मोठे ट्रक शेजारून गेले तरी शेपटीसारखा हलत नाही. सुरक्षितपणाची किंमत ट्रकला आपल्या पाठीवर मोजावी लागते, आणि हाफ-टन ट्रक तिथेच कमी पडतात.

आता विक्रेत्याच्या १३,००० पौंडांकडे पाहू. अमेरिकेत ओढण्याची क्षमता ठरवण्यासाठी एसएई जे२८०७ नावाचे मानक आहे. २०११ च्या मॉडेलपासून टोयोटाने ते प्रथम स्वीकारले आणि पुढे इतर कंपन्याही त्याकडे वळल्या. या चाचणीत ट्रेलर ओढत ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ, भर उन्हात आणि वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, ठरलेल्या किमान वेगाने चढावा लागतो. चाचणी कठोर आहे यात शंका नाही आणि इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर यांची ती खरी परीक्षा घेते. मात्र त्या वेळी ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसे गृहीत धरलेली असतात. सहा माणसे, हौद्यातली हत्यारांची पेटी, जड हिच आणि त्यावर टेकलेला भरलेला ट्रेलर हे सगळे मिळून जे घडते ते त्या आकड्यात नसते. शिवाय जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा हा त्या मालिकेतल्या एका विशिष्ट ट्रकचा असतो: छोटी केबिन, टू-व्हील ड्राइव्ह, ठरावीक एक्सल गुणोत्तर. आपल्या दारात उभा असलेला ट्रक तो नसतो.

आपल्या ट्रकचा खरा आकडा पाहायचा असेल तर चालकाचे दार उघडा आणि दाराच्या चौकटीवर, बी-पिलरवर, टायरच्या हवेच्या दाबाची पांढरी-पिवळी पट्टी शोधा. तिच्यावर असे लिहिलेले असते की बसणारी माणसे आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक किलो किंवा अमुक पौंडांपेक्षा कधीही जास्त होता कामा नये. हा आकडा त्या एका ट्रकचा असतो. कारखान्यातून तो ज्या साजासह बाहेर पडला त्याचे वजन वजा करून तो छापलेला असतो. त्यात भरलेली इंधनाची टाकी आधीच धरलेली असते, पण चालक धरलेला नसतो. म्हणजे स्वतः तुम्ही बसलात की तुमचे वजन त्यातून वजा होऊ लागते. विक्रेत्याकडे रांगेत उभे असलेले, एकाच नावाचे दोन ट्रक घ्या आणि दोघांच्या पट्ट्या वाचा: काचेचे छत, विजेवर उघडणाऱ्या पायऱ्या आणि थंड हवेच्या जागा असलेल्या उंची गाडीचा पेलोड, म्हणजे वाहण्याची क्षमता, साध्या गाडीपेक्षा काही शे पौंडांनी कमी सापडेल. दागिन्यांनी मढवलेला ट्रक दिसायला देखणा असतो, पण ते दागिने पेलोडमधूनच घडवलेले असतात.

तुमच्या ट्रेलरचा हिशेब मांडू. माहितीपत्रकातला २,१०० पौंडांचा पिनभार हा कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचा आहे. त्यात बॅटऱ्या, भरलेले गॅसचे सिलिंडर, पाणी, कपडे, भांडी, अंथरुणे काहीच नाही. आपल्या घरातले सामान तर हलके नसतेच. कुकर, पोळपाट, लोखंडी तवा, तांदूळ आणि कणकेच्या पिशव्या ट्रेलरमध्ये चढतातच, आणि बहुतेक ट्रेलरमध्ये सामानाचा मोठा कप्पा नेमका पुढच्या बाजूला, पिनच्या जवळ असतो, त्यामुळे भरलेले सामान प्रथम पिनवरच येते. म्हणून मी रिकाम्या वजनावर कधीच हिशेब करत नाही. कमाल वजन धरतो, म्हणजे १३,९०० पौंड, आणि त्याचे २२ टक्के, म्हणजे सुमारे ३,०६० पौंड, पिनवर येतील असे मानतो. हिचचे वजन २०० पौंड. सहा माणसांचे, त्यांत दोन लहान मुले, मिळून ७४० पौंड. हौद्यात जॅक, लाकडी ठोकळे, हत्यारे आणि दोऱ्या यांचे १५० पौंड. बेरीज ४,१५० पौंड होते.

हाफ-टन ट्रकच्या दारावर बहुतेक वेळा १,४०० ते १,८०० पौंड लिहिलेले आढळते. निव्वळ पिनचा भारच त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, माणसे बसवायच्या आधी. विक्रेत्याने सांगितलेला १३,००० चा आकडा खोटा नसेल, पण तो तुमच्या प्रश्नाचे उत्तर नाही. ट्रेलरवर चिकटवलेल्या 'हाफ-टनने ओढता येईल' या पट्टीबद्दलही हेच म्हणता येईल. ती पट्टी लावण्यासाठी कोणताही निश्चित निकष नाही आणि तिच्या भरवशावर ट्रकच्या दाराची पट्टी न वाचणे परवडत नाही.

२५०० किंवा फोर्डच्या एफ-२५० वर्गाबद्दल बोलताना सर्वांत जास्त गैरसमज आढळतो, म्हणून इथे थोडे थांबतो. या ट्रकांची एकूण वजनमर्यादा, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, पुष्कळदा १०,००० पौंडांवर बांधलेली असते, कारण त्यापलीकडे वाहनाचा वर्ग बदलतो. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा कित्येक शे पौंडांनी जड असते, त्याच्याबरोबर येणारा रेडिएटर, धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि तिला लागणाऱ्या डीईएफ या द्रावणाची टाकीही जड असते. मर्यादा तीच आणि ट्रक जड, म्हणून उरलेला पेलोड कमी. परिणाम असा होतो की ज्या २५०० डिझेलची ओढण्याची क्षमता १८,००० पौंडांच्या पुढे सांगितली जाते, त्याच्याच दारावर २,००० ते २,४०० पौंड लिहिलेले असते. त्याच मालिकेतला पेट्रोल ट्रक कमी ओढतो, पण पाठीवर हजारभर पौंड जास्त वाहतो. ग्राहकाला हे उफराटे वाटते, आणि ते समजावून सांगण्यात माझ्या कामाचा बराचसा वेळ जातो.

रॅम कंपनीच्या ट्रकांबाबत आणखी एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २०१४ पासून त्यांच्या २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग असतात तर ३५०० ला पाट्यांचे स्प्रिंग. कॉइलवरचा ट्रक रिकामा असताना मऊ चालतो. रोज कामावर नेणाऱ्याला तोच आवडतो. पण ३,००० पौंड टेकले की त्याचे मागचे अंग पाट्यांवरच्या ट्रकपेक्षा जास्त दबते. दबले की लोक एअर बॅग बसवून घ्यायला येतात. मी त्या बसवून देतो, कारण त्यांनी ट्रक पुन्हा सरळ उभा राहतो आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडायचे थांबतात. परंतु त्यांनी एक पौंडाचाही पेलोड वाढत नाही हे पैसे घेण्याआधी सांगतो. एक्सल, चाकाच्या रिमा, ब्रेक आणि टायर तेच राहतात, आणि दारावरची पट्टीही तीच राहते.

उरतो वन-टन, म्हणजे ३५०० किंवा एफ-३५०. मागे दोन्ही बाजूंना प्रत्येकी एकच चाक असलेल्या, चार दारांच्या, फोर-व्हील ड्राइव्ह डिझेल ट्रकच्या दारावर मला साधारण ३,८०० ते ४,००० पौंड आढळतात. पेट्रोल असेल तर ४,००० च्या पुढे. तुमची बेरीज ४,१५० आहे. म्हणजे डिझेल किंचित कमी पडतो आणि पेट्रोल जेमतेम पुरतो. मागचा एक्सल स्वतंत्रपणे तपासला तरी हेच दिसते. अशा रिकाम्या ट्रकच्या मागच्या एक्सलवर ३,२०० पौंडांच्या आसपास भार असतो. त्यात पिनचे ३,०६०, हिचचे २००, हौद्यातले १५० आणि माणसांच्या वजनाचा मागे येणारा सुमारे ४०० पौंडांचा वाटा मिळवला की ७,००० च्या वर जातो. या वर्गात नेहमी येणाऱ्या १८ इंची, ई श्रेणीच्या टायरची क्षमता पूर्ण हवेवर प्रत्येकी सुमारे ३,६४० पौंड असते, दोन मिळून ७,२८०. गणित बसते, पण जुलैच्या दुपारी अमॅरिलोच्या वाटेवर, तापलेल्या डांबरावर, टायर आपल्या मर्यादेच्या इतके जवळ चालवणे मला आवडत नाही. मागे चार चाके असलेल्या ट्रकमध्ये, ज्याला इथे ड्यूली म्हणतात, प्रत्येक टायरची जोडीतली क्षमता सुमारे २,८०० पौंड धरली तरी चार मिळून ११,००० च्या वर जातात आणि दारावर ५,००० पौंडांहून अधिक पेलोड मिळतो. एखादा टायर फुटला तर शेजारचा सांभाळून घेतो, हाही भाग आहेच. टेक्सासच्या उत्तर टोकाला, पॅनहँडलमध्ये, आडवा वारा सुटतो तेव्हा ड्यूलीचा रुंद पाया हातातल्या स्टिअरिंगला लगेच कळतो.

मग सगळ्यांनी ड्यूलीच घ्यावा का? नाही, आणि इथे आकड्यांबाहेरच्या गोष्टी येतात. ड्यूलीची मागची रुंदी सुमारे आठ फूट असते. लांब हौद्याचा, चार दारांचा ट्रक २२ फुटांच्या आसपास भरतो, तर नेहमीच्या घराचे गॅरेज २० फूट खोल. फ्रिस्को-प्लेनोच्या वसाहतींमध्ये घरमालक संघांचे नियम कडक असतात. ट्रेलर तर दारात ठेवू देतच नाहीत, पण मोठा ट्रक रस्त्यावर उभा केला तरी काही ठिकाणी पत्र येते. ट्रेलर भाड्याच्या जागेत ठेवावा लागेल हे तुम्ही धरलेच असेल. ट्रकचेही विचारून घ्या. किराणा दुकानाच्या आवारात, मुलांना शाळेत सोडताना, गाडी धुण्याच्या यंत्रात, सगळीकडे ती रुंदी आडवी येते. घरी दुसरी लहान गाडी असेल आणि ट्रक प्रवासापुरताच वापरायचा असेल तर ड्यूलीला माझा विरोध नाही.

आणखी एक गोष्ट टेक्सासच्या रहिवाशांनी ट्रक घेण्याआधी पाहिली पाहिजे, कारण विक्रेते ती क्वचितच सांगतात. ट्रक आणि ट्रेलर यांची मिळून वजनमर्यादा २६,००० पौंडांच्या वर गेली आणि ट्रेलरची स्वतःची मर्यादा १०,००० पेक्षा जास्त असली, तर इथे साधा क्लास सी परवाना पुरत नाही. बिगर-व्यावसायिक क्लास ए परवाना काढावा लागतो. प्रत्यक्षात किती सामान भरले आहे याच्याशी या नियमाचा संबंध नाही, पट्टीवरच्या मर्यादांची बेरीज पाहिली जाते. १२,००० पौंड मर्यादेचा एकेरी चाकांचा ट्रक आणि तुमचा १३,९०० चा ट्रेलर मिळून २५,९०० होतात, म्हणजे साध्या परवान्यात बसतात. १४,००० च्या ड्यूलीबरोबर तोच ट्रेलर २७,९०० होतो आणि परीक्षा द्यावी लागते. परीक्षा अवघड नाही, पण प्रवासाच्या आदल्या आठवड्यात कळली तर बेत फिसकटतो. राज्यागणिक नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात १०,००० ते १५,००० पौंडांच्या फिफ्थ-व्हीलसाठी परवान्यावर वेगळी नोंद लागते आणि १५,००० च्या वर बिगर-व्यावसायिक क्लास ए. तिकडे स्थलांतर करणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावे.

पेट्रोल की डिझेल हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. माझ्या मते तो पेलोडनंतर यायला हवा. आकडे सरळ आहेत. मोठ्या पेट्रोल इंजिनांचा टॉर्क, फोर्डचे ७.३ लिटर, जीएमचे ६.६ लिटर किंवा रॅमचे ६.४ लिटर धरले तर, साधारण ४३० ते ४८५ पौंड-फूट असतो. डिझेलमध्ये अलीकडच्या मॉडेलांत तो ८५० पासून १,२०० पर्यंत आहे. २०१९ मध्ये रॅमच्या कमिन्स इंजिनाने प्रथम १,००० चा टप्पा गाठला. सपाट टेक्सासमध्ये हा फरक फारसा जाणवणार नाही. पेट्रोल ट्रक थोडा जास्त आवाज करेल, टाकी लवकर रिकामी होईल, इतकेच. पण तुम्ही कोलोराडोला जाणार आहात. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन दर हजार फूट उंचीला सुमारे तीन टक्के ताकद गमावते. डॅलसहून अमॅरिलो, तिथून रॅटनमार्गे जाताना रॅटनच्या खिंडीत, ७,८०० फुटांवर, चौथा हिस्सा ताकद हवेत विरते. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० वरच्या आयझेनहॉवर बोगद्याशी, ११,१५८ फुटांवर, एक तृतीयांश. टर्बो असलेल्या डिझेलला विरळ हवेचा त्रास खूपच कमी होतो. पेट्रोल ट्रक तिथे चढणार नाही असे नाही. उजव्या लेनमधून, ४,५०० फेऱ्यांवर ओरडत, मालवाहू ट्रकांच्या सोबतीने चढेल. ज्याला घाई नाही त्याने हे मनाला लावून घेऊ नये.

चढापेक्षा मला उताराची चिंता जास्त असते. त्या बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांचा लांबलचक उतार आहे आणि तिथे गरम झालेल्या ब्रेकचा वास अनेकदा येतो. डिझेल ट्रकांमध्ये एक्झॉस्ट ब्रेक असतो. बटण दाबले की टर्बोच्या पात्या वळून इंजिनच ट्रकला मागे धरून ठेवते आणि मैलोन्मैल ब्रेकच्या पॅडलला पाय लावावा लागत नाही. पेट्रोल ट्रकमध्ये टो-हॉल, म्हणजे ओझे ओढण्याची, पद्धत चालू करून गिअर उतरवत हेच काम थोड्या कमी परिणामाने होते. आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात जुने चालक सांगत की ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. सिल्व्हरथॉर्नच्या उतारावर पेट्रोल ट्रकसाठी तो सल्ला आजही चालतो. तेरा-चौदा हजार पौंडांचा ट्रेलर घेऊन दर वर्षी रॉकी पर्वतात जायचे असेल तर एक्झॉस्ट ब्रेक एवढ्या एका कारणासाठी मी डिझेल घ्यावे असे म्हणेन.

उलट बाजूही मांडतो. डिझेल इंजिनासाठी नव्या ट्रकवर दहा हजार डॉलरांच्या आसपास जास्त मोजावे लागतात. तेल बदलण्याचा, फिल्टरचा खर्च जास्त, डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महाग, आणि डीईएफ हे युरियाचे द्रावण वेळोवेळी भरावे लागते. या सगळ्यापेक्षा मोठी अडचण म्हणजे आजच्या डिझेलना छोट्या खेपा मानवत नाहीत. रोज तीन मैलांवर शाळा, चार मैलांवर कचेरी असा वापर असेल तर धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर स्वतःला जाळून साफ करण्याइतका तापतच नाही, काजळी साचत जाते आणि महागड्या दुरुस्तीची वेळ येते. वर्षातून एक-दोन प्रवास आणि बाकी वेळ शहरात, असा ज्यांचा बेत आहे त्यांनी हा मुद्दा टाळू नये.

जुना ट्रक घेणार असाल तर एक इशारा. काही डिझेल ट्रकांमधून डीपीएफ आणि डीईएफची यंत्रणाच काढून टाकलेली असते आणि 'त्रास मिटवला' असे सांगून ते विकले जातात. क्लीन एअर ॲक्टखाली हे बेकायदा आहे. असा ट्रक उत्तम स्थितीत दिसला तरी हात लावू नका. उत्तरेकडच्या, रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतून आलेल्या ट्रकची चासी खालून पाहा. हौद्यात आधीच्या हिचसाठी पाडलेली भोके असतील तर ती कुठे आणि कशी पाडली आहेत ते बघा. चासीला चुकीच्या जागी भोक पाडलेला ट्रक मी परत पाठवतो.

हौद्याच्या लांबीबद्दल थोडे. आठ फुटी हौदा असेल तर वळताना ट्रेलरचे नाक केबिनपासून दूर राहते आणि प्रश्नच मिटतो. साडेसहा फुटी हौद्यात कॅम्पग्राउंडवर ट्रेलर मागे घेताना ट्रक जवळजवळ काटकोनात वळवला की ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेवर येऊ शकतो. हल्लीच्या ट्रेलरचे पुढचे कोपरे यासाठी आत कापलेले असतात आणि सरकणारी हिचही मिळते, पण ती जड असते, म्हणजे पुन्हा पेलोडमधूनच वजा, आणि किंमतही बरीच जास्त. हाफ-टनांतला साडेपाच फुटी हौदा फिफ्थ-व्हीलसाठी मी विचारात घेत नाही. नवा ट्रक घेताना कारखान्यातूनच फिफ्थ-व्हीलची तयारी, म्हणजे हौद्याच्या तळाला हिच अडकवण्याच्या खाचा आणि हौद्यातला सात पिनांचा वीजजोड, मागून घ्या. नंतर बसवून घेण्यापेक्षा ते स्वस्त आणि मजबूत पडते. ट्रेलरचे ब्रेक चालवणारा कंट्रोलर डॅशबोर्डमध्ये आधीपासून असलेला घ्यावा, बाहेरून बसवलेला नव्हे.

उंचीकडेही लक्ष द्या. आजचे फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक इतके उंच झाले आहेत की ट्रेलर जोडल्यावर हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचा तळ यांत सहा इंचांचे अंतर ठेवायला गेले तर ट्रेलरचे नाक वर उचलले जाते, त्याचा भार ट्रेलरच्याच मागच्या एक्सलवर सरकतो आणि त्या एक्सलचे टायर तापतात. वर छत आणखी उंचावते. बहुतेक राज्यांत वाहनाची उंची १३ फूट ६ इंचांपर्यंतच चालते आणि फिफ्थ-व्हील मुळातच १३ फुटांच्या आसपास असतात. म्हणून ट्रकला लिफ्ट किट बसवण्याचा मोह आवरावा.

आता तुमच्या निवडीविषयी. हाच ट्रेलर नक्की असेल तर डिझेल ड्यूली घ्या, साध्या ट्रिमचा, पुढे बाक असलेला. त्यात सहा जणांना सीटबेल्टसह जागा मिळते. महागड्या ट्रिममध्ये मधे कन्सोल येतो आणि पाचच जण बसतात. आई-वडिलांना मागे ट्रेलरमध्ये आडवे होऊ द्यावे असा विचार मनात आणू नका. काही राज्यांत तो बेकायदा आहे, आणि जिथे नाही तिथेही ट्रेलरमधल्या सोफ्याला सीटबेल्ट नसतो. पण मी तुमच्या जागी असतो तर आधी ट्रेलरवर पुन्हा नजर टाकली असती. बंक, म्हणजे एकावर एक पलंग, असलेले, सहा जण झोपू शकतील असे, १०,५०० पौंडांच्या कमाल वजनाचे फिफ्थ-व्हील मिळतात. त्याचे २१ टक्के म्हणजे सुमारे २,२०० पौंड पिनवर; माणसे, हिच आणि सामान धरून बेरीज ३,३०० च्या आत राहते. एकेरी चाकांचा ३५०० तो आरामात वाहतो, पेट्रोल असो वा डिझेल, रोजच्या वापराला ड्यूलीइतका अवजडही होत नाही आणि टेक्सासमध्ये परवानाही बदलावा लागत नाही. २५०० आणि ३५०० यांच्या किमतीत इतका थोडा फरक असतो की फिफ्थ-व्हीलसाठी २५०० घेण्याचे कारण मला सहसा सापडत नाही.

ट्रक आल्यावर आणि ट्रेलर प्रवासाइतका भरल्यावर हायवेवरच्या एखाद्या ट्रक स्टॉपमधल्या कॅट स्केल या वजनकाट्यावर दोनदा जा. प्रथम ट्रक एकटा, टाकी भरून, सगळी माणसे बसवून आणि हिच हौद्यात ठेवून. मग ट्रेलर जोडून, पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर काट्याच्या वेगवेगळ्या भागांवर येतील असे उभे राहून. दुसऱ्या पावतीतल्या ट्रकच्या दोन एक्सलांच्या बेरजेतून पहिल्या पावतीतली बेरीज वजा केली की खरा पिनभार निघतो. मागच्या एक्सलचा आकडा दारावर लिहिलेल्या मागच्या एक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहा. आकडा जास्त निघाला तर आधी पुढच्या कप्प्यातले जड सामान मागे हलवून पाहा आणि पाण्याची टाकी कुठे आहे ते तपासा. ६० गॅलनची भरलेली टाकी ५०० पौंडांची होते, आणि ती ट्रेलरच्या एक्सलच्या पुढे असेल तर तिच्यातला बराचसा भार पिनवर येतो. कॅम्पग्राउंडवर नळ असेल तर ती रिकामीच न्यावी.